मुलांच्या अ‍ॅलर्जीसाठी नाकाचा स्टिरॉइड स्प्रे: मात्रा, दिशा आणि देखरेख

'स्टिरॉइड' हा शब्द कानावर पडला की आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो. त्या भीतीपोटी काही घरांत स्प्रे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बंद होतो, कारण 'फरक तर काही दिसत नाही, मग उगीच कशाला'. काही घरांत बरोबर उलटं घडतं. नाक मोकळं झालं म्हणून तोच स्प्रे कुणाला न विचारता महिनोन्‌महिने चालू राहतो. पहिल्या घरातलं मूल रात्रभर तोंडाने श्वास घेत राहतं, दुसऱ्या घरात मुलाच्या उंचीकडे कुणाचं लक्ष नसतं. नाकाच्या अ‍ॅलर्जीवर मुलांसाठी उपलब्ध असलेल्या औषधांमध्ये हा स्प्रे सर्वात परिणामकारक औषधांपैकी एक आहे. मात्रा योग्य असेल, फवारा योग्य दिशेने जात असेल आणि कुणीतरी हिशेब ठेवत असेल, तर तो बहुतेक मुलांना सुरक्षित असतो.

आधी हे अ‍ॅलर्जीच आहे ना?

लागोपाठ शिंका, नाकातून पाण्यासारखा स्राव, नाक-डोळ्यांना खाज आणि रात्री गच्च चोंदलेलं नाक, हे सगळं ताप नसताना आठवडेच्या आठवडे चालत असेल तर अ‍ॅलर्जीचा संशय घ्यावा. अशी मुलं तळहाताने नाक खालून वर घासत राहतात. ही सवय जुनी असेल तर नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक आडवी रेघ उमटलेली दिसते. डोळ्यांखाली काळसर छटा असते आणि झोपेत तोंड उघडं राहतं.

साधी विषाणूजन्य सर्दी बहुधा आठवडा-दहा दिवसांत उतरते. तिच्यासाठी हा स्प्रे नाही. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, घट्ट किंवा रक्तमिश्रित स्राव येत असेल तर नाकात मणी, बी, खोडरबराचा तुकडा असं काहीतरी अडकल्याची शक्यता मोठी असते. तिथे स्प्रे मारत बसू नका, मुलाला डॉक्टरांना दाखवा. अडकलेली वस्तू चपटी गोल बॅटरी असेल तर काही तासांतच आतली त्वचा जळू शकते, त्यामुळे सकाळची वाट न बघता तडक रुग्णालय गाठा. मूल जोरात घोरत असेल आणि झोपेत मध्येच श्वास अडखळत असेल तर अडिनॉइड (नाकाच्या मागच्या टोकाला असलेल्या मऊ गाठी) वाढले आहेत का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्यायला हवं. दोन वर्षांखालच्या बाळाला हा स्प्रे घरच्या निर्णयाने कधीही देऊ नये.

बाटलीवरचं नाव वाचा, ब्रँड नव्हे

नाकाचे स्प्रे दिसायला एकसारखे असतात आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, औषधाचं नाव बारीक अक्षरांत. तुम्हाला बारीक अक्षरं वाचायची आहेत.

मोमेटासोन, फ्लुटिकासोन फ्युरोएट, फ्लुटिकासोन प्रोपिओनेट, बुडेसोनाइड, ट्रायअ‍ॅम्सिनोलोन, बेक्लोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल तर तो स्टिरॉइड स्प्रे आहे. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन लिहिलेलं असेल तर ते नाक झटकन मोकळं करणारं, रक्तवाहिन्या आकसवणारं वेगळंच औषध आहे. ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरलं की उलटतं. औषधाचा अंमल उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि मूल त्या बाटलीशिवाय झोपेनासं होतं. स्टिरॉइडच्या भीतीने स्प्रे सोडून या 'साध्या' थेंबांकडे वळलेली कुटुंबं नेमकी या चक्रात सापडतात. हे थेंब पोटात गेले तर धोका आणखी मोठा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांनी असं औषध १ ते २ मिली गिळलं तरी गंभीर परिणाम होऊ शकतात. म्हणून दोन्ही बाटल्या घरात असतील तर त्या एका खणात ठेवू नका आणि दोन्ही मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

अ‍ॅझेलास्टिनसारखं अ‍ॅलर्जीविरोधी औषध आणि स्टिरॉइड एकत्र असलेले स्प्रेही मिळतात. ते चवीला कडू लागतात आणि काही मुलांना त्यांनी झोप येते. बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन असलेले नाकाचे थेंब मात्र वेगळ्या गटात धरा. ते शरीरात बऱ्याच प्रमाणात शोषले जातात, त्यामुळे मुलांच्या रोजच्या, दीर्घकाळच्या अ‍ॅलर्जीवर ते चालवू नयेत. जुन्या चिठ्ठीवरून असे थेंब पुन्हा पुन्हा आणणं हे या विषयातलं सर्वात धोक्याचं वागणं आहे.

मात्रा किती

वयोमर्यादा देशागणिक थोडी बदलते, म्हणून आपल्या बाटलीसोबतचं पत्रक आणि डॉक्टरांची चिठ्ठी हेच अंतिम धरा. अंदाज यावा म्हणून अमेरिकेतल्या लेबलांप्रमाणे आकडे असे आहेत. मोमेटासोन दोन वर्षांपासून देता येतं. २ ते ११ वर्षांच्या मुलांना ५० मायक्रोग्रॅमचा एक फवारा प्रत्येक नाकपुडीत, दिवसातून एकदा, म्हणजे एकूण १०० मायक्रोग्रॅम. फ्लुटिकासोन फ्युरोएटचा एक फवारा २७.५ मायक्रोग्रॅमचा असतो. तोही दोन वर्षांपासून, एकेक फवारा, म्हणजे दिवसाला ५५. फ्लुटिकासोन प्रोपिओनेट चार वर्षांपासून, ५० मायक्रोग्रॅमचा एकेक फवारा. बुडेसोनाइड सहा वर्षांपासून.

थोडक्यात, बारा वर्षांखालच्या मुलाची सुरुवात जवळपास नेहमीच 'प्रत्येक नाकपुडीत एक, दिवसातून एकदा' अशी होते. मोठ्यांसाठी तोच स्प्रे बहुधा दोन-दोन फवाऱ्यांचा असतो. आईची किंवा बाबांची बाटली मुलासाठी वापरली की मात्रा नकळत दुप्पट होते ती यामुळेच. बाटली प्रत्येकाची वेगळी असावी. जंतूंच्या दृष्टीनेही तेच बरं.

एखाद्या दिवशी स्प्रे राहिला तर आठवण होईल तेव्हा द्या. दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला फवारा सोडून द्या. भरपाई म्हणून दुप्पट कधीच देऊ नका.

शरीरात किती जातं

काळजीचं खरं उत्तर या प्रश्नात आहे. औषध नाकात काम करून तिथेच संपलं तर चिंता नाही. रक्तात उतरलं तर विचार करावा लागतो. मोमेटासोन आणि दोन्ही फ्लुटिकासोन यांचा २ टक्क्यांपेक्षाही कमी भाग रक्तात पोहोचतो. घशातून गिळला गेलेला भाग यकृत जवळजवळ पूर्ण निकामी करतं. बुडेसोनाइड, ट्रायअ‍ॅम्सिनोलोन आणि बेक्लोमेटासोन यांच्या बाबतीत हे प्रमाण बरंच जास्त, साधारण एक तृतीयांश ते निम्म्याच्या आसपास आहे. ही औषधं वाईट आहेत असा याचा अर्थ नव्हे. पण स्प्रे महिनोन्‌महिने लागणार असेल, तर 'कमी शोषला जाणारा देता येईल का?' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

यकृताचं हे काम काही औषधं रोखून धरतात. एचआयव्हीच्या उपचारातली रिटोनाविर आणि कोबिसिस्टॅट, बुरशीवरची इट्राकोनाझोल आणि किटोकोनाझोल ही त्यातली ठळक नावं. ती चालू असताना नाकातला थोडासा फ्लुटिकासोनही शरीरात साचत जातो. चेहरा गोल होणं, वजन वाढणं, अधिवृक्क ग्रंथींचं (मूत्रपिंडांवरच्या, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या ग्रंथींचं) काम मंदावणं असे तोंडी स्टिरॉइडसारखे परिणाम त्यातून होऊ शकतात. मुलाला चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगायचं ते यासाठी.

अ‍ॅलर्जीच्या मुलाला दमा आणि त्वचेचा इसबही असणं नेहमीचं आहे. मग नाकात स्प्रे, दम्यासाठी इन्हेलर आणि अंगाला मलम, असे तीन मार्गांनी स्टिरॉइड सुरू असतात आणि तिन्ही चिठ्ठ्या तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या असतात. प्रत्येकाला आपापली मात्रा कमीच दिसते. बेरीज करणारं कुणी नसतं. ती बेरीज एका कागदावर मांडा: औषधाचं नाव, एका वेळची मात्रा, दिवसातून किती वेळा, कधीपासून. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना हा कागद न्या. दहा मिनिटांच्या भेटीत याच्याइतकी उपयोगाची दुसरी वस्तू नाही.

बाटली तयार करणं

नवी बाटली थेट नाकात मारली तर पहिले काही फवारे अर्धवट किंवा नुसत्या हवेचे निघतात. आधी पंप भरून घ्यावा लागतो. बाटली हलवा, टोपण काढा, तोंड माणसांपासून दूर धरा आणि बारीक, एकसारखं धुकं येईपर्यंत दाबत राहा. फ्लुटिकासोनच्या बाटल्यांना साधारण ६ वेळा, मोमेटासोनला १० वेळा दाबावं लागतं. नेमका आकडा पत्रकात असतो. आठवडाभर पडून राहिलेली बाटली पुन्हा एक-दोनदा हवेत मारून बघा. यातली बहुतेक औषधं द्रवात विरघळत नाहीत, बारीक कणांच्या रूपात तरंगतात आणि तळाशी बसतात. म्हणून रोज वापरण्याआधी हलवणं चुकवायचं नाही. न हलवता मारलं की प्रत्येक फवाऱ्यात सारखं औषध मिळत नाही.

वापर झाला की टोक कोरड्या स्वच्छ टिश्यूने पुसून टोपण लावा. फवारा वाकडा येऊ लागला किंवा येईनासा झाला तर टोकावर औषध वाळून बसलेलं असतं. टोक निघत असेल तर काढून कोमट पाण्यात भिजवा, धुवा, पूर्ण वाळू द्या, परत बसवा आणि एक-दोनदा हवेत मारा. टाचणी किंवा सुई घालून छिद्र मोकळं करायला जाऊ नका. छिद्र किंचितही मोठं झालं तर धुक्याऐवजी धार निघते, मात्रा बदलते आणि ती धार नाकाच्या पडद्यावर, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीवर, एकाच जागी आदळत राहते.

प्रत्यक्ष फवारा

मूल रडत असताना स्प्रे मारू नका. अश्रू नाकातच उतरतात आणि औषध वाहून जातं. झटापटीत टोक पडद्याला लागलं तर जखम होते ती वेगळीच. दात घासण्याच्या आधीची वेळ सोयीची पडते. घशात उतरलेलं थोडं औषध चूळ भरताना निघून जातं आणि स्प्रे विसरलाही जात नाही.

नाक आधी स्वच्छ हवं. शेंबडाच्या थरावर पडलेलं औषध त्वचेपर्यंत पोहोचत नाही. मोठ्या मुलाला एकेक नाकपुडी बंद करून हलकेच शिंकरायला लावा. लहानग्याच्या नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालून पुसून घ्या. मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल तर धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून मग स्प्रे द्या. नाक धुवायला नळाचं पाणी तसंच वापरू नका. उकळून थंड केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्या. नळाच्या पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा क्वचितच आढळतो, पण नाकावाटे मेंदूपर्यंत गेला तर जीवघेणा ठरतो.

आता डोकं. ते मागे टाकायचं नाही. मागे टाकलं की औषध सरळ घशात घसरतं. मूल ताठ बसलेलं किंवा उभं असावं आणि हनुवटी किंचित खाली, नजर पायाच्या बोटांकडे. टोक नाकपुडीत जेमतेम अर्धा-एक सेंटीमीटर जाऊ द्या, खोल खुपसू नका. टोकाचा रोख त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, कानाच्या वरच्या भागाकडे ठेवा. नाकाच्या मधल्या पडद्याकडे कधीच नको. फवारा दाबताना मुलाने फुलाचा वास घ्यावा इतक्याच हलकेपणाने श्वास आत घ्यायचा. जोरात ओढला की औषध नाक ओलांडून घशात जातं. मग तोंडाने श्वास सोडायचा. घशाशी कडवट चव आली तर समजा, एकतर डोकं मागे गेलं किंवा श्वास जोरात ओढला गेला. उद्या तेवढंच सुधारायचं. नंतर दहा-पंधरा मिनिटं नाक शिंकरू देऊ नका.

कोणता हात वापरायचा, यावर बरंच काही अवलंबून आहे. स्वतः स्प्रे घेणाऱ्या मुलासाठी नियम सोपा आहे: उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा हात. हात असा आडवा गेला की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं. त्याच बाजूच्या हाताने मारलं की टोक पडद्याकडे झुकतं. मूल पाठ टेकून तुमच्या मांडीवर बसलं असेल तर तुमच्यासाठीही हाच नियम. पण तुम्ही मुलाच्या समोर बसलात की तो उलटतो, कारण मुलाची उजवी नाकपुडी तुमच्या डाव्या बाजूला येते. तेव्हा मुलाच्या उजव्या नाकपुडीला तुमचा उजवा हात, डाव्या नाकपुडीला तुमचा डावा. गोंधळ झालाच तर बाटलीच्या बुडाकडे बघा. ते चेहऱ्याच्या मध्यरेषेकडे किंवा त्याहीपलीकडे झुकलेलं असेल तर टोक बाहेर वळलेलं आहे. बूड कानाच्या दिशेला झुकलेलं दिसलं की हात बदला.

काही मुलांना औषधापेक्षा वासाचा राग असतो. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटच्या अनेक बाटल्यांना फुलांसारखा उग्र वास येतो. तो त्यातल्या एका परिरक्षक (औषध टिकवणाऱ्या) घटकाचा असतो. मूल रोज त्यावरून भांडत असेल तर डॉक्टरांना सांगून बिनवासाचा प्रकार घ्या. जो स्प्रे मूल रोज विनातक्रार घेईल, तोच त्याच्यासाठी चांगला.

दहा-अकरा वर्षांचं मूल स्वतः स्प्रे घेऊ शकतं, पण बाटली तुमच्या ताब्यात राहू द्या आणि अधूनमधून समोर उभं राहून बघा. सवय झाली की हात आधीच्या चुकीच्या वळणावर जातोच.

घोळणा फुटला तर

नाकातून रक्त येणं हा या स्प्रेचा सर्वात नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि त्यामागे बहुतेक वेळा चुकलेली दिशा असते. पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरवर असतं. तिथे रोज फवारा बसला की त्वचा कोरडी पडते, खपली धरते, मूल ती बोटाने काढतं आणि रक्त येतं.

मुलाला बसवा, मान पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग दोन बोटांत धरून सलग दहा मिनिटं दाबा. मध्ये सोडून बघू नका. मान मागे टाकली की रक्त पोटात जातं आणि उलटी होते. वीस मिनिटांनंतरही थांबत नसेल तर रुग्णालयात न्या.

शेंबडात रक्ताच्या नुसत्या लालसर रेषा दिसत असतील तर स्प्रे तीन-चार दिवस थांबवा, मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा जेल लावून आतला भाग ओलसर ठेवा आणि दिशा सुधारून पुन्हा सुरू करा. तरीही रक्त येत राहिलं, खपल्या धरतच राहिल्या किंवा श्वास घेताना नाकात शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर स्प्रे बंद करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना आत बघू द्या. पडद्याला भोक पडणं दुर्मीळ आहे, पण त्याची सुरुवात अशा दुर्लक्षित जखमेतूनच होते. पडद्यावर व्रण असेल, नाकाला नुकताच मार लागला असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया झाली असेल तर जागा भरून येईपर्यंत हा स्प्रे वापरत नाहीत.

उंची मोजा

उंचीची भीती निराधार नाही, पण ती आकड्यांत बघावी. अमेरिकेत १९९८ साली या गटातल्या सगळ्या स्प्रेंच्या लेबलवर वाढीविषयीची सूचना घालण्यात आली. वर्षभर चाललेल्या चाचण्यांत बेक्लोमेटासोन दिवसातून दोनदा घेणारी मुलं औषधाविना असलेल्या मुलांपेक्षा सरासरी ०.९ सेंमी कमी वाढली. ट्रायअ‍ॅम्सिनोलोनच्या चाचणीत हा फरक ०.४५ सेंमी, फ्लुटिकासोन फ्युरोएटच्या चाचणीत ०.२७ सेंमी होता. मोमेटासोनच्या चाचणीत वाढ मंदावलेली आढळली नाही. फरक छोटा आहे आणि औषधागणिक वेगळा आहे. म्हणून कोणतं औषध, किती मात्रा आणि वर्षातले किती महिने, हे तिन्ही महत्त्वाचं.

घरी मोजायची पद्धत: अनवाणी पाय, टाचा, ढुंगण आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात ठेवा आणि खालच्या कडेला पेन्सिलची खूण करा. मोजमाप नेहमी सकाळीच घ्या, कारण दिवसभरात पाठीचा कणा दबून उंची जवळजवळ एक सेंटीमीटर कमी भरू शकते. सकाळ-संध्याकाळची सरमिसळ केली तर नसलेली घट दिसेल. स्प्रे सुरू होताना पहिली नोंद करा आणि दर तीन महिन्यांनी पुढची. निष्कर्ष मात्र सहा महिन्यांच्या आकड्यांवरूनच काढा. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतात. वर्षाचा वेग ४ सेंमीच्या खाली जात असेल तर नोंदी घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा.

किती दिवस, आणि कधी थांबायचं

थोडा फरक पहिल्या बारा तासांत जाणवू शकतो, पण पूर्ण परिणामाला काही दिवसांपासून दोन आठवडे लागतात. शिंका आल्या की मारायचा आणि एरवी ठेवून द्यायचा, हा या औषधाचा सर्वात वाया जाणारा वापर. त्रास ठराविक मोसमातच होत असेल तर मोसमाच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करा आणि मोसम सरला की थांबवा.

परिणाम ठरवताना 'बरं वाटतंय का?' हा प्रश्न मुलाला फारसा कळत नाही. रात्री तोंड उघडं होतं का, घोरणं किती, सकाळी किती शिंका, हे आठवड्यातून दोनदा कॅलेंडरवर टिपा. तीन-चार आठवडे रोज, योग्य पद्धतीने देऊनही फरक नसेल तर मात्रा स्वतःहून वाढवू नका. आधी पद्धत तपासा, मग डॉक्टरांसमोर निदानच पुन्हा बघायला सांगा. फरक पडला असेल तर सर्वात कमी पुरेशी मात्रा कोणती, ते डॉक्टरांबरोबर ठरवा. लहान मुलांच्या फ्लुटिकासोनच्या अमेरिकी लेबलवर सूचना आहे की वर्षात दोन महिन्यांहून जास्त वापर लागणार असेल तर डॉक्टरांशी बोलावं. ही सीमारेषा कोणत्याही स्प्रेसाठी पाळण्याजोगी आहे. नेहमीच्या मात्रेतला स्प्रे तोंडी स्टिरॉइडसारखा टप्प्याटप्प्याने उतरवावा लागत नाही. पण मात्रा मोठी असेल किंवा सोबत इन्हेलर वा गोळ्या असतील तर आपल्या मनाने थांबवू नका.

बाटली स्वतःच हिशेब सांगते. १२० फवाऱ्यांची बाटली रोज दोन फवाऱ्यांनी ६० दिवस पुरते. उघडल्याची तारीख झाकणावर लिहून ठेवा. महिन्यातच संपली तर दुप्पट औषध जातंय, तीन महिने झाले तरी अर्धी उरली असेल तर दिवस चुकतायत. लेबलवरची संख्या पूर्ण झाली की तळाशी द्रव दिसला तरी बाटली टाका. त्यापुढचे फवारे पूर्ण मात्रेचे असतील याची खात्री नसते. ठेवायची ती खोलीच्या तापमानाला, फ्रिजमध्ये नको.

ताबडतोब दाखवण्याजोगं

फवारा डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा. मुलाने स्टिरॉइड स्प्रे एकदा चुकून प्यायला तरी गंभीर विषबाधा सहसा होत नाही, पण बाटली हातात घेऊन डॉक्टरांना फोन करा. नेमकं कोणतं औषध पोटात गेलं ते आधी सांगा, कारण आकसवणारे थेंब असतील तर क्षणही दवडायचा नसतो.

स्प्रे चालू असताना कांजिण्या किंवा गोवर झालेल्या व्यक्तीशी संपर्क आला आणि मुलाला तो आजार वा त्याची लस आधी झालेली नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. क्षयरोगाचा संशय किंवा डोळ्याला नागिणीच्या जातीचा संसर्ग असेल तर विचारल्याशिवाय स्प्रे सुरू करू नका. नजर धूसर होणं, डोळा दुखणं, दिव्याभोवती वलयं दिसणं अशी तक्रार असेल तर डोळे तपासून घ्या. घरात काचबिंदू असेल तर दीर्घ वापर सुरू करण्याआधीच सांगा. मूल सतत थकलेलं असेल, भूक मंदावली असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा चेहरा सुजल्यासारखा गोल दिसू लागला असेल तर तुमचा औषधांचा कागद घेऊन लवकर भेट घ्या. स्प्रेनंतर ओठ-चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर तो औषधाचीच अ‍ॅलर्जी समजून थेट तातडीच्या विभागात न्या. तो स्प्रे पुन्हा देऊ नका आणि औषधाचं नाव मुलाच्या फाइलवर पहिल्या पानावर लिहून ठेवा.